तिलारीच्या जंगलात पाणमांजर खरंच दिसतं का? कधी आणि कुठे जावं?

तुम्ही विचारलंय की जानेवारीत दोन दिवस तिलारीला येताय, तर ‘उदमांजर’ दिसेल का आणि आणखी कोणते प्राणी दिसतील. मी सिंधुदुर्गातल्या याच दोडामार्ग तालुक्यातला, तिलारी नदीच्या काठी वाढलेला, म्हणून लिहितोय.

आधी नाव नीट करून घेऊ, नाहीतर इथे आल्यावर लोक तुम्हाला भलतंच दाखवतील. उदमांजर रात्री कौलांवरून फिरतं, झाडावर चढतं, पिकली फळं खातं. तुम्हाला बघायचंय ते पाण्यातलं जनावर, म्हणजे पाणमांजर. जुनी माणसं त्यालाही नुसतं ‘ऊद’ म्हणत, त्यामुळे ही गल्लत होते. भारतात त्याच्या तीन जाती आहेत. आमच्या नदीतलं ते स्मूथ-कोटेड ऑटर: सात ते अकरा किलो वजन, मऊ तुकतुकीत केस, टोकाकडे चपटी होत गेलेली शेपटी. आणि ते एकटं क्वचितच असतं, अख्खं कुटुंब सोबत फिरतं.

मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी मासे धरायला गेलो होतो. डिसेंबरची सकाळ, कोंडीवर, म्हणजे नदीतल्या खोल डोहावर, धुकं. आधी शिट्टीसारखा बारीक आवाज आला, मला वाटलं पक्षी असेल. मग पाण्यावर चार डोकी वर आली. त्यातलं एक कातळावर चढलं, पुढच्या दोन्ही पंजांत मासा उभा धरला आणि डोक्याकडून खायला सुरुवात केली. काटे मोडल्याचा कुडकुड आवाज पलीकडच्या काठावर मला स्पष्ट ऐकू येत होता. पोट भरल्यावर ती सगळी वाळूत लोळली, अंग कोरडं केलं आणि पुन्हा पाण्यात उतरली. सगळा मिळून दहा मिनिटांचा खेळ. त्या दिवशी मी गरी टाकलीच नाही.

ही कोंड कुठली ते मुद्दाम सांगत नाही. गर्दी झाली की ती जागा सोडतात, आणि थंडीत त्यांच्यासोबत पिल्लं असू शकतात.

दोन दिवसांत जनावर दिसेलच असं मी म्हणणार नाही. खुणा मात्र नक्की शोधा, त्यातही मोठी मजा आहे. पाण्यालगतच्या मोठ्या खडकांवर त्यांची विष्ठा असते. सगळं कुटुंब ठरलेल्या जागीच घाण करतं. ताजी असेल तर काळपट, ओलसर आणि माशाचा उग्र वास. वाळली की पांढुरकी होते आणि बोटभर काडीने उसकटली तर आत नुसते खवले आणि कुर्ल्यांच्या कवचाचे तुकडे. ओल्या वाळूत पाऊल बघा: कुत्र्याची चार बोटं उमटतात, याची पाच, आणि मध्ये पडद्याची पुसट खूण.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. तिलारीच्या २९.५३ चौरस किलोमीटर वनक्षेत्राला २०२० मध्ये ‘संवर्धन राखीव’ दर्जा मिळाला. हे अभयारण्य नव्हे. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेला हा प्रकार आहे, त्यात सरकारी जमीनच येते आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात. मला हा दर्जा फार मोलाचा वाटतो, कारण हत्ती, वाघ यांची कर्नाटक-गोव्याकडची ये-जा याच पट्ट्यातून होते. पण पाणमांजर नदीच्या रेषेत जगतं. नदी राखीव जंगलातून बाहेर पडते, गावांच्या, बागायतींच्या कडेने जाते आणि गोव्यात शापोरा होते. त्याला बिळासाठी झाडांच्या मुळांतली, दगडांच्या कपारीतली जागा लागते, लोळायला वाळू लागते, खायला मासा लागतो. काठ जेसीबीने सरळ केला, वाळू उपसली, कुणी ब्लीचिंग पावडर टाकून किंवा सुरुंग लावून कोंड मारली, तर वरचं जंगल कितीही घनदाट असो, पाणमांजराला त्याचा उपयोग नाही. एका उन्हाळ्यात मी अशी मारलेली कोंड पाहिलीय. माशांची बोटाएवढी पिल्लंसुद्धा पांढरी पडून तरंगत होती. त्यानंतर दोन वर्षं तिथल्या खडकावर एकही ताजी खूण नव्हती.

मासे धरणाऱ्यांचा रागही मी समजू शकतो. माझ्या काकांचं नवं जाळं पाणमांजरांनी एका रात्रीत फाडलं होतं. तरी काका त्यांच्या वाटेला गेले नाहीत, फक्त त्या कोंडीत रात्रीचं जाळं लावणं सोडलं.

बाकी प्राण्यांचं म्हणाल तर गवे दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त, संध्याकाळी रस्त्यालगतही येतात. शेकरू आणि धनेश सकाळी आवाजावरून सापडतील. हत्ती २००२ च्या सुमारास कर्नाटकातून आले आणि आता इथलेच झालेत. ते ‘बघायला’ जाऊ नका, गावकऱ्यांनी थांबा म्हटलं की थांबा. नदीत मगरी आहेत, त्यामुळे पोहायला उतरू नका. वेळ उरला तर हेवाळे-बांबर्डेची मायरिस्टिका राई बघा: रानजायफळाच्या कुळातली झाडं, आणि चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली त्यांची मुळं.

स्थानिक वाटाड्या घ्या आणि वनखात्याची परवानगी कुठे लागते ते त्यालाच विचारा. पहाटे, उजाडायच्या आधी काठावर पोचा, वारा पाण्याकडून तुमच्याकडे येईल अशा बाजूला बसा आणि कुत्रा सोबत आणू नका. काठाला एकटं पिल्लू दिसलं तर उचलू नका, आई बहुतेक पाण्यातूनच बघत असते.