१९६९ च्या शेव्हरोले कॅमॅरो गाडीचं मूळ ३५० घनइंची इंजिन गेलंय, त्या काळाला साजेसं दुसरं कसं निवडू?

गाडीचाच नंबर असलेलं मूळ इंजिन परत मिळणं जवळपास अशक्य, पण तारीख जुळणारा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) शोधता येतो. नव्या तयार इंजिनापेक्षा मी तोच घेईन.

गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या मागच्या फ्लँजवर (कडेवर) ओतीव नंबर आणि ओतकामाची तारीख असते. ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च (सी हे तिसरं अक्षर, म्हणून तिसरा महिना), वर्षाचा शेवटचा आकडा ९. इथेच भलेभले फसतात! ३९७००१० नंबरचे ब्लॉक सत्तरच्या दशकातही बनत होते, त्यामुळे तो ९ म्हणजे १९७९ सुद्धा असू शकतो. म्हणून इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडसमोरच्या (हेड म्हणजे ब्लॉकवर बसणारा वरचा भाग) सपाट पट्टीवरचा शिक्का वाचा. १९६९ च्या शिक्क्यात शेवटी दोन अक्षरं असतात, १९७० च्या मॉडेलपासून तीन. ओतकामाची तारीख गाडी बनण्याच्या आधीची हवी, काही आठवडे आधीची असेल तर उत्तम. व्हॉल्व्ह कव्हरचे (हेडवरच्या झाकणाचे) बोल्ट कडेने असावेत. मधोमध असतील तर हेड १९८७ किंवा त्यानंतरची.

आणि मशीन शॉपवाल्याला आधीच बजावून ठेवा: ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग घासताना ती पट्टी घासू नका, शिक्का कायमचा जातो.