‘स्वयंसेवक’, ‘शिबंदी’ आणि कलकत्ता लाइट हॉर्स

मार्च 1943 मध्ये गोव्यातील मुरगाव बंदरात ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर छापा पडला. त्याविषयी मराठीत लिहिताना तो घालणाऱ्या ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या ब्रिटिश हिंदुस्थानातील पथकाला ‘स्वयंसेवक घोडदळ’ म्हणावे की ‘शिबंदी’, असा प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही शब्द अपुरे आहेत, मात्र त्यांची उणीव एकसारखी नाही.

‘शिबंदी’ हा शब्द फारसीतून आलेला असून त्याच्या आरंभी ‘तीन’ या अर्थाचा ‘सिह’ आहे असे मानले जाते. मराठी व्यवहारात मात्र शिबंदी म्हणजे गडावर, ठाण्यावर किंवा वसुलीच्या कामावर पगार देऊन ठेवलेली माणसे; शिबंदी म्हटली की तिच्या खर्चाची तरतूद आलीच. लाइट हॉर्सचे घोडेस्वार याच्या नेमके उलट होते. 1872 मध्ये उभ्या राहिलेल्या या पथकात कलकत्त्याच्या व्यापारी कंपन्यांतले गोरे लोक असत, त्यांची रोजीरोटी पेढीवर चाले आणि कवायत ही फावल्या वेळची बाब होती. तेव्हा ‘शिबंदी’ बादच करावा.

‘स्वयंसेवक’ हा शब्द ‘व्हॉलंटियर’चा सरळ प्रतिशब्द वाटतो, पण आज तो ऐकताना डोळ्यांसमोर मांडवाच्या दाराशी बिल्ला लावून उभा असलेला कार्यकर्ता येतो, बंदूक येत नाही. वसाहतकाळात हा शब्द इतका निरुपद्रवी नव्हता. 1869 च्या कायद्याने हिंदुस्थानातील व्हॉलंटियर पथकांना चौकट मिळाली, परंतु ही पथके मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांचीच राहिली. म्हणूनच 1886 च्या कलकत्ता अधिवेशनात काँग्रेसने हिंदी लोकांनाही व्हॉलंटियर होऊ द्यावे, असा ठराव केला. त्या ठरावातले ‘व्हॉलंटियर’ होणे म्हणजे शस्त्र हाती घेऊन देशाच्या संरक्षणात वाटा मागणे होते. पुढे त्याच काँग्रेसच्या अधिवेशनांत प्रतिनिधींची व्यवस्था पाहणाऱ्यांनाही व्हॉलंटियरच म्हणू लागले. अर्थाचा हा प्रवास लक्षात घेतला नाही, तर ‘स्वयंसेवक घोडदळ’ वाचणाऱ्याला काहीतरी समाजसेवेचा प्रकार वाटण्याची भीती आहे. शिवाय 1920 पासून अशी पथके कायद्याने ‘ऑक्झिलरी फोर्स’मध्ये, म्हणजे सहायक दलात मोडत होती.

मुरगावच्या प्रसंगात तर या माणसांचे नागरिक असणे हाच कथेचा कणा आहे. गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात, पोर्तुगाल दुसऱ्या महायुद्धात तटस्थ. तिथे नियमित सैन्य पाठवले असते तर तटस्थतेचा उघड भंग झाला असता. म्हणून लाइट हॉर्स आणि ‘कलकत्ता स्कॉटिश’ या पथकांतील काही जण, बरेचसे तारुण्य ओलांडलेले, ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या बोटीतून 9 मार्चच्या रात्री बंदरात शिरले. (घोडदळाने गाळाच्या बोटीतून जावे, हा योग शब्दांच्या अभ्यासकालाही दुर्मीळच.) त्यांना ‘फौज’ किंवा ‘पलटण’ म्हटले की हा सगळा खटाटोप कशासाठी, हेच वाचकाला कळत नाही.

मी स्वतः पहिल्या उल्लेखात ‘कलकत्त्यातील युरोपियन नागरिकांचे हौशी सशस्त्र पथक’ असे लिहीन आणि पुढे ‘व्हॉलंटियर पथक’ एवढेच ठेवीन. ‘हौशी’त किंचित थट्टा आहे, हा आक्षेप मला मान्य आहे, परंतु ‘हौशी रंगभूमी’त जसा तो शब्द पोटासाठी न करणाऱ्याला लागतो, तसाच येथेही लागतो, आणि शेजारी ‘सशस्त्र’ असल्याने थट्टा आटोक्यात राहते. ‘लाइट हॉर्स’चे ‘हलका घोडा’ मात्र कोणी करू नये. तिथे ‘हॉर्स’चा अर्थ घोडदळ असा आहे, आणि विशेषनाम म्हणून तो तसाच ठेवणे बरे.