जंगलातल्या पायवाटेवर पळताना फुलं, पक्षी, प्राणी खरंच दिसतात का?

तुम्ही विचारलंय की वसंतात जंगलवाटेवर पळायला सुरुवात करायची आहे, पण पळण्याच्या नादात आजूबाजूचं सगळं निसटून जाईल का, आणि फोटोसाठी कॅमेरा सोबत घ्यावा का.

निसटत नाही. रमतगमत चालणाऱ्याला एका फेरीत जास्त दिसतं, हे खरं. पण पळणारा माणूस त्याच वाटेवर आठवड्यातून दोन-तीनदा जातो, आणि वसंतातलं जंगल दोन-तीन दिवसांत बदलतं. परवा नुसत्या तपकिरी मखमली कळ्या असलेला पळस आज केशरी झालेला असतो. हे एकदाच येऊन जाणाऱ्याला कळत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की दर वेळी नवी वाट शोधू नका. चार-पाच किलोमीटरची एकच वाट धरा आणि ऋतूभर तीच पळा.

कुठे बघायचं, हे जंगलावर ठरतं. थंड प्रदेशातल्या पानगळीच्या जंगलात झाडांना पालवी फुटण्याआधी काही आठवडे ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं. ॲनिमोन, ब्लूबेल, ट्रिलियम ही जमिनीलगतची रानफुलं तेवढ्यात फुलून घेतात. वर पानांचं छत मिटलं की त्यांचा हंगाम संपत येतो. तिथे नजर पायाशी हवी. उष्ण प्रदेशातल्या कोरड्या जंगलात वसंताची खरी बहार वर असते. पळस, पांगारा, काटेसावर पानं झडलेल्या फांद्यांवर फुलतात, त्यामुळे पक्ष्यांना लांबूनही दिसतात. कुसुमाची नवी पालवी तर इतकी लाल असते की दुरून झाड फुललंय असंच वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की ती कोवळी पानं आहेत.

आता वर बघत पळणं म्हणजे घोटा मुरगळून घेणं. नजर चार-पाच पावलं पुढेच ठेवायची आणि वर काय चाललंय ते जमिनीलाच विचारायचं. वाटेवर केशरी पाकळ्यांचा सडा दिसला की थांबायचं, मग मान वर. काटेसावरीखाली तर मी हमखास थांबतो. तिचं फूल जड असतं, पडताना थप्प आवाज येतो. पाच जाड, लाल, मांसल पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा झुबका, खाली कातड्यासारखा टणक पेला. उचलून आत बघितलं तर बहुतेक वेळा मुंग्या सापडतात. आणि आजूबाजूला अर्धवट चावलेली फुलं दिसली तर समजावं की हरणं येऊन गेलीत. चितळांना ही पडलेली फुलं फार आवडतात. वर साळुंक्या, कोतवाल, बुलबुल मधासाठी भांडत असतात. एका झाडाखाली पाच मिनिटं थांबलं तर पळण्याचं काहीही बिघडत नाही. चढ असेल तर तो तसाही चालतच चढावा, तेवढ्यात बघून होतं.

प्राणी आधी कानांना कळतात, डोळ्यांना नंतर. म्हणून हेडफोन नकोतच. उन्हं चढल्यावर सागाच्या वाळक्या पानांवर पळणाऱ्याची चाहूल फार लांबवर जाते. पहाटे दव पडलेलं असेल तर पानं मऊ असतात आणि पावलं दबतात. वळणापाशी वेग कमी करावा. पलीकडे कोण उभं आहे ते आपल्याला आणि त्याला एकाच वेळी कळतं. वारा समोरून येत असेल तर आपला वास पुढे पोचत नाही, अशा दिवशी जास्त दिसतं. गवतात एकटं, निश्चल बसलेलं हरणाचं पाडस दिसलं तर ते हरवलंय असं समजू नका. आई त्याला तसंच बसवून चरायला जाते. हात न लावता, न थांबता पुढे जायचं.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. वाघ, बिबट्या किंवा अस्वलांचा वावर असलेल्या जंगलात पळू नये, पळायला परवानगी असली तरी नाही. पळणारी आकृती बघून पाठलागाची ऊर्मी जागी होऊ शकते. अस्वलाला बेसावध गाठणं त्याहून वाईट. मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात, ती खायला अस्वलं नेमकी त्याच वेळी येतात. जवळपास वानरांचा किंवा चितळांचा इशाऱ्याचा आवाज सुरू झाला तर थांबा, ऐका आणि आल्या वाटेने चालत मागे फिरा. झाडावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ असेल तर त्याखालून जाऊच नका, वाट बदला.

चिखलाबद्दलही सांगायला हवं, कारण याकडे पळणारे सर्रास दुर्लक्ष करतात. वाटेत चिखल आला की बाजूच्या हिरवळीवरून जायचा मोह होतो. असं करत करत एका माणसाची वाट चार माणसांची होते. ब्लूबेलची पानं तुडवली गेली की त्यांना अन्न तयार करता येत नाही आणि खालचा कंद कमजोर होतो. ट्रिलियमला तर बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला साधारण 7 वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात. त्याचं बी मुंग्या वाहून नेतात, बियांना चिकटलेल्या तेलकट गराच्या लोभाने. म्हणजे ते एका पिढीत जेमतेम काही मीटर सरकतं. बूट धुता येतात. चिखलातूनच जा.

कॅमेरा नको, गळ्यात आपटतो. फोन पुरतो, पण नुसता फुलाचा समोरून फोटो काढून घरी ओळख पटत नाही. फुलाची मागची बाजू, एक पान दोन्हीकडून, आणि झाड असेल तर खोडाची साल, एवढे फोटो घ्या. फूल तोडू नका, खाली पडलेलं मिळतंच. तारीखही टिपून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच वाटेवर तेच झाड आठवडाभर आधी फुललं की नंतर, हे बघायला मिळतं, आणि मला स्वतःला पळण्याच्या वेळेपेक्षा ही नोंद कितीतरी जास्त आवडते.