"तिकडे फार्मासिस्टला औषध लिहून देता येतं म्हणे, पाठवू का लेकीला?"

बार्शीहून एका आईचं पत्र आलंय, थोडं छोटं करून देते. "मॅडम, मिस्टरांचं मेडिकल आहे, २२ वर्षं झाली. मुलगी पुण्यात बी.फार्म थर्ड इयरला आहे. नीटला दोनदा बसली, मार्क कमी पडले, ते अजून आमच्या सगळ्यांच्या मनात आहे. आता एका कन्सल्टंटने सांगितलं की इंग्लंडला एक वर्षाचा कोर्स केला की फार्मासिस्टला डॉक्टरसारखं औषध लिहून द्यायचा अधिकार मिळतो, २०२६ पासून तर सगळ्यांनाच मिळतो. सीट ब्लॉक करायला पंधरा दिवसांत दीड लाख भरा म्हणतात. मिस्टर म्हणतात मग दुकान कोण बघणार. मुलगी काहीच बोलत नाही. काय करावं?"

ताई, सगळ्यात आधी ते दीड लाख भरू नका. पंधरा दिवसांची घाई तुमची नाहीये, त्यांची आहे. लेकीचं बी.फार्म पूर्ण व्हायचंय, इथल्या फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन व्हायचंय, त्याच्या आधी कोणी तिच्यासाठी सीट अडवून ठेवतंय हे मला पटत नाही आणि तुम्हीही पटवून घेऊ नका. तुम्हाला सांगितलेलं सगळं खोटं आहे असंही नाही. त्यातलं खरं काय, जोडलेलं काय ते सांगते.

खरं हे की ब्रिटनमध्ये फार्मासिस्ट स्वतःच्या सहीने औषध लिहून देऊ शकतो. ही आजची गोष्ट नाही. १९९९ ला डॉ. जून क्राउन यांच्या समितीने सुचवलं की औषध लिहायचं काम फक्त डॉक्टरांपुरतं न ठेवता बाकीच्या प्रशिक्षित लोकांनाही द्यावं, मग २००३ ला पहिली पायरी आली, म्हणजे निदान डॉक्टरने करायचं, पेशंटचा प्लॅन ठरवून द्यायचा आणि त्या चौकटीत राहून फार्मासिस्टने लिहायचं. २००६ ला पुढची पायरी, इंडिपेंडंट प्रिस्क्रायबर, म्हणजे स्वतंत्रपणे औषध लिहून देणारा, यात तपासायचं, ठरवायचं, लिहायचं आणि उद्या काही चुकलं तर उत्तर द्यायचं, सगळं त्याच माणसाने. २०१२ ला मॉर्फिनसारखी कंट्रोल्ड औषधंसुद्धा त्यात आली, व्यसनाच्या उपचारात वापरायची दोन-तीन सोडून.

पण इतकी वर्षं हा अधिकार डिग्रीबरोबर मिळत नव्हता. फार्मासिस्ट म्हणून रजिस्टर झाल्यावर वेगळा कोर्स करावा लागायचा, २६ दिवसांचा अभ्यास आणि त्यावर ९० तास एका अनुभवी प्रिस्क्रायबरच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंट बघायचे. तिथल्या जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलने २०२१ मध्ये शिक्षणाचे निकष बदलले आणि हे सगळं चार वर्षांच्या एम.फार्म मध्ये आणि त्यानंतरच्या एका ट्रेनिंगच्या वर्षात घातलं, म्हणून २०२६ पासून त्या वाटेने जी मुलं रजिस्टर होतील ती पहिल्या दिवसापासून प्रिस्क्रायबर असतील. कन्सल्टंटचं "सगळ्यांनाच" हे इथून आलंय. ती तिकडची मुलं आहेत, तिकडचं एम.फार्म केलेली.

तुमच्या लेकीची वाट वेगळी आहे. भारतातून बी.फार्म करून जाणाऱ्याला ओस्पॅप नावाचा एक वर्षाचा कोर्स करावा लागतो, अ‍ॅस्टन, ब्रायटन, हर्टफर्डशर, संडरलंड अशा मोजक्या युनिव्हर्सिट्यांमध्ये तो आहे. त्याला इंग्रजीची अट आहे, आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक मध्ये चारही भागांत प्रत्येकी किमान ७, आणि लिहिण्याच्या भागात भलेभले साडेसहाला अडकतात. कोर्स झाला म्हणजे फार्मासिस्ट झाली असं नाही. मग ५२ आठवड्यांचं फाउंडेशन ट्रेनिंग, पगारी असतं पण त्याची जागा अर्ज करून, स्पर्धेतून मिळवायची. मग तिथल्या कौन्सिलची परीक्षा, एका पेपरात ४० गणितं, डोसाची, ड्रिपच्या स्पीडची, दुसऱ्यात १२० प्रश्न, आणि आयुष्यात तीनच संधी. म्हणजे एक वर्षाचा कोर्स ही अडीच-तीन वर्षांची गोष्ट आहे. आणि शेवटी रजिस्टर होताना तिला प्रिस्क्रायबरचा अधिकार लगेच मिळणार की तो ९० तासांचा कोर्स वेगळा करावा लागणार, हे ज्या युनिव्हर्सिटीत अर्ज करायचा तिला तिने स्वतः मेल करून विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं. कन्सल्टंटच्या तोंडी शब्दावर नाही.

(ते इंग्लंडमधले दुकानात बसून औषध देणाऱ्या फार्मासिस्टचे व्हिडिओ दाखवले असतील तर ती बहुतेक फार्मसी फर्स्ट योजना आहे, ३१ जानेवारी २०२४ ला सुरू झाली, घसा, कान, सायनस, नागीण, बायकांचं साधं युरिन इन्फेक्शन असे सात त्रास, आणि त्यात आधीच ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे ठरलेलं औषध द्यायचं असतं. चांगली योजना आहे, पण ते स्वतः प्रिस्क्राइब करणं नाही.)

आता मला जे खरं सांगायचंय ते. तुमच्या मूळ, पूर्ण पत्रात "अधिकार" हा शब्द तीनदा आलाय. मी स्वतः बी.फार्म आहे, बारा वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काढली आणि मग या मार्गदर्शनाच्या कामाकडे वळले, त्यामुळे मला त्या शब्दामागची ओढ कळते. काउंटरच्या अलीकडे उभं राहून चिठ्ठीतली चूक दिसत असते आणि काही करता येत नाही, हे मी खूप वर्षं सोसलंय. पण ज्याला तुम्ही अधिकार म्हणताय ते शिकताना कसं असतं ते बघा.

एक आजोबा घ्या, असे तुमच्या दुकानातही रोज येत असतील. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपीन, आधी ५ ची होती, मग १० ची झाली. दोन महिन्यांत घोट्याला सूज, चप्पल घट्ट होते, बोटाने दाबलं तर खळगा पडतो. कोणीतरी त्यावर पाणी काढायची गोळी सुरू करतं. सूज फारशी जात नाही, कारण ही सूज अंगात पाणी साठल्याची नाहीच, त्या गोळीने बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि पाणी तिथे झिरपतं, लघवी वाढवून ते कुठे जाणार. पण आजोबा आता रात्री तीनदा उठतात, उठताना चक्कर येते, पोटॅशियम खाली जातं, आणि एक दिवस बाथरूमच्या उंबऱ्याशी पडतात. मग गुडघा दुखतो म्हणून पेनकिलर, त्याने बीपी परत वर आणि किडनीवर ताण. एका गोळीच्या तीन गोळ्या झाल्या आणि प्रत्येक चिठ्ठी त्या त्या दिवशी बरोबरच वाटत होती.

मी मार्गदर्शन केलेली एक मुलगी सध्या इंग्लंडमध्ये जीपीच्या, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात बीपीच्या पेशंटचं क्लिनिक बघते, तिने फोनवर सांगितलेली तिची पहिली स्वतंत्र चिठ्ठी जवळजवळ अशाच माणसाची होती. तिने काय केलं? आधी बसवलं, पाच मिनिटं शांत राहू दिलं, दंडाच्या मापाचा पट्टा बांधला, बीपी दोनदा घेतलं, मग उभं करून परत घेतलं. पाय दाबून बघितले, एकाच पायाला सूज आहे का दोन्ही हे बघितलं, दम लागतो का, रात्री उशा किती लागतात हे विचारलं, कारण सूज हार्टची असली तर सगळी गोष्टच बदलते. रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट बघून पाणी काढायची गोळी बंद केली, अ‍ॅम्लोडिपीन बदलली, आणि कॉम्प्युटरमध्ये लिहिलं की हे का केलं, काय बिघडू शकतं, परत कधी बोलवायचं. बदललेलं औषध एक, बंद केलेलं एक, आणि लिहिण्याचं काम अख्खं पानभर. त्या रात्री मला झोप लागली नाही म्हणाली, आजोबा बरे असतील ना एवढंच डोक्यात.

ते ९० तास म्हणजे हे शिकणं. एक अनुभवी प्रिस्क्रायबर, डॉक्टर किंवा नर्स किंवा फार्मासिस्ट, मागे बसून बघतो, मध्येच विचारतो की हेच का, दुसरं का नाही, काहीच न देता चाललं असतं का. असा वेळ देणारा माणूस मिळणं हीच तिकडे मोठी अडचण होऊन बसते, कोर्सला अ‍ॅडमिशन आहे पण शिकवणारा नाही असं होतं. आणि पास झाल्यावरसुद्धा कायद्याने जवळजवळ सगळी औषधं लिहिता येत असली तरी ज्याचं शिक्षण आणि अनुभव आहे तेवढंच लिहायचं, बीपी शिकलेल्याने लहान मुलाच्या फिटचं औषध लिहायचं नाही, लिहिलं आणि बिघडलं तर रजिस्ट्रेशनच जाऊ शकतं.

अजून एक गोष्ट, ही मिस्टरांनाही वाचून दाखवा. तिकडे अपेक्षा अशी आहे की ज्याने लिहिलं त्यानेच ते औषध काढून विकू नये, दुसऱ्याने ती चिठ्ठी तपासावी. कारण एकच माणूस लिहिणार आणि तोच विकणार तर चूक पकडणारं कोणी राहत नाही, आणि विक्रीचा मोह तर आहेच. आपल्याकडे लोक दुकानात येऊन "दादा काहीतरी द्या, ताप आहे" म्हणतात आणि समोरून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या कात्रीने कापून दिल्या जातात. हे प्रिस्क्राइब करणं नव्हे आणि कायद्याला धरूनही नाही. भारतात आज फार्मासिस्टला औषध लिहून द्यायचा अधिकार नाही. शेड्यूल एचवन, म्हणजे कायद्याने जास्त कडक नियम लावलेल्या औषधांची यादी, त्यातली औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, दिली की डॉक्टरचं, पेशंटचं नाव आणि किती दिलं ते वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं ठेवायचं, २०१४ पासून हा नियम चालू आहे. तुमच्या दुकानात ते रजिस्टर नीट भरलं जात असेल तर तुमची लेक आधीच चांगल्या घरात शिकतेय असं मी म्हणेन.

म्हणून दुकान की इंग्लंड असं भांडण घालू नका. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशनमध्ये पेशंटला समजावून सांगणं, त्याच्या औषधांचा आढावा घेणं, गडबड दिसली तर लिहिणाऱ्या डॉक्टरला कळवणं हे सगळं फार्मासिस्टचं कामच धरलंय. किती दुकानांत होतं? फार थोड्या, कारण कित्येक ठिकाणी सर्टिफिकेट भिंतीवर आणि माणूस भलतीकडेच. जिला पुढे प्रिस्क्रायबर व्हायचंय तिने इथूनच सुरू करावं, यासाठी व्हिसा लागत नाही.

पेशंटजवळचंच काम हवं असेल आणि परदेशाचा खर्च झेपत नसेल तर बी.फार्म नंतर तीन वर्षांचं फार्म.डी पोस्ट बॅकलॉरिएट आहे, त्यात वॉर्डमध्ये राउंडला जावं लागतं, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. कॉलेज घेताना एकच बघायचं, जोडलेलं हॉस्पिटल खरंच चालतं का आणि मुलांना वॉर्डमध्ये उभं करतात का, सुट्टीच्या दिवशी नाही, सोमवारी सकाळी जाऊन बघा. अमेरिकेचं कोणी सुचवलं तर आत्ताच सांगते, तिथल्या परीक्षेला किमान पाच वर्षांची फार्मसीची डिग्री लागते, चार वर्षांच्या बी.फार्मवर अर्जच घेत नाहीत. कॅनडात अल्बर्टा प्रांताने २००७ पासून जादा पात्रता घेतलेल्या फार्मासिस्टला लिहायची परवानगी दिलीय, पण तिकडेही आधी परवाना, मग हे.

आणि ताई, नीटचं. तुम्ही लिहिलंय मुलगी काहीच बोलत नाही. मला वाटतं तिला भीती आहे की हे "डॉक्टरसारखं" तिच्यासाठी नाही, तुमच्या दोघांच्या दुःखासाठी शोधलंय. "डॉक्टरसारखं" हा शब्द घरात काही दिवस वापरू नका. तिकडेही प्रिस्क्रायबर फार्मासिस्ट हा छोटा डॉक्टर नसतो, तो औषधाचा माणूस असतो, ज्याला औषध थांबवताही येतं. तिला जर पेशंटशी बोलायला आवडत असेल, चिठ्ठी बघून प्रश्न पडत असतील, तर हे काम तिच्यासाठी फार सुंदर आहे आणि मी तिच्यामागे उभी राहीन. तिला लॅबमध्ये, फॉर्म्युलेशनमध्ये म्हणजे औषध बनवण्यात रमायला आवडत असेल तर या वाटेवर ती कंटाळेल, आणि त्यातही कमीपणा काही नाही.

हे कळायला सोपी गोष्ट करा. दिवाळीच्या सुट्टीत ती बार्शीला आली की रोज दोन तास काउंटरवर बसू दे, गल्ल्यावर नाही. साधी शंभर पानी वही घ्यायची. जे पेशंट तीन किंवा जास्त औषधं नेतात आणि बोलायला तयार असतात त्यांचं नाव न लिहिता फक्त वय, औषधं, डोस, कोणती कशासाठी असं त्यांना वाटतं, आणि तिला पडलेला एक प्रश्न, एवढं लिहायचं. कोणाचंही औषध तिने बदलायचं नाही की बंद करा सांगायचं नाही, शंका गंभीर वाटली तर बाबांनी त्या डॉक्टरांना फोन करायचा. संध्याकाळी पुस्तक काढून उत्तर शोधायचं. वीस पेशंट झाले की तिला पुढचं पान भरावंसं वाटतंय की वही ठेवून द्यावीशी वाटतेय हे तिचं तिलाच कळेल.

मग मला पत्र तिनेच लिहू दे, वहीतल्या कुठल्याही दोन पानांचे फोटो टाकून. युनिव्हर्सिटीला मेल कसा लिहायचा ते मी तिला तेव्हा सांगते.