वांगासाठी लेसर की केमिकल पील?

ताई, आपण लिहिले आहे की दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी चट्टे उमटले, ते अजून गेलेले नाहीत, एका क्लिनिकने लेसरच्या आठ सिटिंगचे पॅकेज सांगितले आहे आणि दुसऱ्या डॉक्टरांनी केमिकल पील, म्हणजे आम्लाने त्वचेचा वरचा थर सोलण्याचा उपचार, सुचवला आहे. वर्णनावरून हा वांग (मेलास्मा) वाटतो. तो वांगच असेल, तर सुरुवात लेसरने करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्वचारोगाच्या प्रॅक्टिसमध्ये असे चेहरे सतत पाहत आल्यामुळे त्यामागची कारणे थोडी सविस्तर सांगते.

लेसर हे वाईट साधन मुळीच नाही. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश अत्यल्प काळ सोडला, तर आजूबाजूची त्वचा न भाजता फक्त रंगद्रव्याचे कण फोडता येतात, हे तत्त्व 1983 मध्ये मांडले गेले आणि आजचे क्यू-स्विच्ड लेसर त्यावरच चालतात. डोळ्याभोवती एका बाजूला निळसर-करडा डाग असतो, ज्याला नीव्हस ऑफ ओटा म्हणतात, त्यात रंग त्वचेच्या खालच्या थरात असतो. तिथे पील पोहोचतच नाही आणि लेसरच उपयोगी पडतो. गोंदण काढण्याचेही तसेच आहे. वांगाची गोष्ट मात्र निराळी आहे. इथे साठलेला रंग हा अर्धाच प्रश्न असतो. खरा प्रश्न असतो तो ऊन आणि संप्रेरके यांना चटकन प्रतिसाद देऊन सतत रंग बनवत राहणाऱ्या पेशींचा. लेसरने तयार झालेला रंग फुटतो, पण पेशींचा स्वभाव बदलत नाही, उलट उष्णतेने त्या आणखी चिडण्याची शक्यता असते.

त्यात आपल्या त्वचेचा रंग लक्षात घ्यावा लागतो. त्वचेचा रंग आणि उन्हाला तिचा प्रतिसाद यांवरून केलेल्या फिट्झपॅट्रिक वर्गीकरणाच्या सहा प्रकारांपैकी बहुतेक भारतीय त्वचा चौथ्या किंवा पाचव्या प्रकारात मोडते. म्हणजे चट्ट्याभोवतीच्या निरोगी त्वचेतही भरपूर मेलॅनिन, म्हणजे त्वचेचे रंगद्रव्य, असते आणि तेही लेसरची ऊर्जा शोषून घेते. म्हणून वांगासाठी 1064 नॅनोमीटरचा लेसर कमी ऊर्जेवर, आठवड्या-पंधरवड्याने वापरतात. त्यालाच लेसर टोनिंग म्हणतात. पहिल्या काही सिटिंगनंतर चेहरा खरोखरच उजळ दिसतो आणि पॅकेज विकणाऱ्यांची छायाचित्रे याच टप्प्यावर काढलेली असतात. उपचार थांबल्यावर काही महिन्यांत वांग परत येणे अगदी नेहमीचे आहे. त्याहून मला काळजी वाटते ती वारंवार टोनिंग केल्यावर काहींच्या चेहऱ्यावर उमटणाऱ्या बारीक पांढऱ्या ठिपक्यांची, कारण काळा डाग फिका करण्यापेक्षा गेलेला रंग परत आणणे कितीतरी कठीण असते. आयपीएल (तीव्र प्रकाशाचे झोत सोडणारे यंत्र) आणि फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर (त्वचेला सूक्ष्म छिद्रे पाडणारा लेसर) यांनी सावळ्या त्वचेवर नवे काळे डाग पडण्याचा धोका असतो, त्यामुळे पॅकेजमध्ये नेमके कोणते यंत्र आहे हे नाव घेऊन विचारावे.

पीलमध्ये आम्ल लावून त्वचेचा सर्वांत वरचा थर नियंत्रितपणे सोलला जातो आणि त्याबरोबर तिथला रंगही निघतो. ग्लायकोलिक आम्ल वांगासाठी सर्वाधिक वापरले जाते. मुरमांचे डागही असतील तर 20 ते 30 टक्के सॅलिसिलिक आम्ल बरे. नाजूक त्वचेसाठी मँडेलिक किंवा लॅक्टिक आम्ल सौम्य पडते. साधारणपणे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने चार ते सहा वेळा पील करतात. ग्लायकोलिक आम्ल ठरल्या वेळी निष्प्रभ करावेच लागते, नाहीतर त्वचा भाजून तिथेच नवा काळा डाग राहतो. म्हणून पार्लरमध्ये किंवा बाटली मागवून घरी हा प्रयोग करू नये. पीलही वांग मुळापासून काढत नाही आणि खोलवरचा करडा भाग त्याने फारसा हलत नाही. तरीही वरवरच्या तपकिरी रंगावर, योग्य तयारीनिशी केले, तर आपल्या त्वचेसाठी ते अधिक सुरक्षित आहे.

तयारी म्हणजे काय, तर आधी काही आठवडे डॉक्टरांनी दिलेली मलमे आणि सनस्क्रीन, पीलच्या काही दिवस आधी ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या गटातील मलम) बंद, आणि आधी-नंतर आठवडाभर तरी थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच यांना पूर्ण विश्रांती. आपला चट्टा वरच्या ओठावर आहे, म्हणून थ्रेडिंगचे विशेष लक्षात ठेवावे. ओठावर नागिणीसारखे फोड पूर्वी येऊन गेले असतील किंवा आपण स्तनपान करत असाल, तर ते आधीच सांगावे. निघणारी साल ओढून काढू नये. घरात लग्न असेल, तर त्याच्या तोंडावर पहिले पील नको.

या दोन्हींच्या आधीची पायरी मात्र आपल्या प्रश्नात आलीच नाही, आणि सर्वांत जास्त फरक तिथेच पडतो. वांगात नुसत्या अतिनील किरणांनीच नव्हे, तर दिसणाऱ्या प्रकाशानेही सावळ्या त्वचेवरचा रंग गडद होतो, त्यामुळे आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन पांढऱ्या सनस्क्रीनपेक्षा अधिक संरक्षण देते. ते भरपूर लावावे आणि बाहेर असताना दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. जोडीला रंग फिका करणारे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टेरॉइड यांचे एकत्रित मलम डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधारण आठ ते बारा आठवडे वापरतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर पर्यायाबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावे.

इथे एक गोष्ट कळकळीने विचारते: मेडिकलमधून स्वतःच आणलेले एखादे गोरेपणाचे क्रीम आपण महिनोन्‌महिने लावत आहात का? अशा क्रीममध्ये बरेचदा मोमेटासोनसारखे तीव्र स्टेरॉइड असते. ते सतत लावल्याने त्वचा पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात चेहरा भाजल्यासारखा होतो. अशा चेहऱ्यावर पील आणि लेसर दोन्ही थांबवून आधी त्वचा सावरावी लागते, आणि ते क्रीमही एकदम न सोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करावे.

निदानही पक्के करून घ्यावे. वुड्स लॅम्प (अतिनील प्रकाशाचा दिवा) किंवा डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारे भिंग) यांनी पाहिल्यावर रंग किती खोल आहे याचा अंदाज येतो आणि हेअर डाय किंवा कुंकवाच्या अ‍ॅलर्जीने आलेला करडेपणा वांगापासून वेगळा ओळखता येतो. तसे निघाले तर ती वस्तू बंद करणे हाच पहिला उपचार ठरतो.

मलमे, सनस्क्रीन आणि काही पील यांना पुरेसे महिने देऊनही चट्टे हटले नाहीत, तर लेसरचा विचार जरूर करावा. तेव्हा एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल यांपैकी त्वचारोगाची पदवी वा पदविका घेतलेल्या त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे, छोट्या भागावर आधी चाचणी करून चार-सहा आठवडे परिणाम पाहावा, मलमे चालू ठेवावीत आणि पैसे पॅकेजचे न भरता प्रत्येक सिटिंगचे वेगळे भरावेत, म्हणजे पहिला पांढरा ठिपका दिसताच थांबता येते.