प्रोसेसरचा वेग वाढवताना

प्रश्न : माझ्याकडे इंटेलचा आय७-१०७००के प्रोसेसर आणि झेड४९० चिपसेटचा बोर्ड आहे. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) सगळ्या कोअरचा मल्टिप्लायर, म्हणजे वेगाचा गुणक, ४७ वरून एकदम ५२ केला, तर विंडोज सुरू होतानाच निळी स्क्रीन आली. व्होल्टेज किती वाढवू? प्रोसेसर जळेल का?

उत्तर : निळ्या स्क्रीनने प्रोसेसर जळत नाही. त्याची वाट लागते ती जास्तीच्या व्होल्टेजने आणि उष्णतेने, त्यामुळे व्होल्टेज चढवण्याची घाई अजिबात नको. मल्टिप्लायरचा एक आकडा म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. तुम्ही एका दमात ५०० मागितले.

आधी बायोस मूळ सेटिंगवर न्या आणि सिनेबेंच आर२३ या प्रोग्रामची सगळ्या कोअरवर ताण देणारी मल्टिकोअर चाचणी १० मिनिटं चालवा. शेजारी तापमान आणि व्होल्टेज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. मूळ वेगालाच तापमान ८५ अंशांवर जात असेल तर ओव्हरक्लॉकिंग (वेग वाढवणं) बाजूला ठेवून कूलर आणि थर्मल पेस्टकडे बघा. १०० अंशांना हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, मग वाढवलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही.

आता एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग) बंद करा, नाहीतर चूक रॅमची की प्रोसेसरची हे कळणार नाही. कोअर व्होल्टेज 'ऑटो'वर ठेवू नका. बरेच बोर्ड गरजेपेक्षा खूप जास्त देतात. १.२५ व्होल्ट ठरवून द्या, मल्टिप्लायर ४८ करा, पुन्हा १० मिनिटं चाचणी. टिकलं तर ४९. कोसळलं तरच व्होल्टेज ०.०२ने वाढवा. १.३५ व्होल्ट किंवा ९० अंश, जे आधी येईल तिथे थांबा. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : १.२० चं १.३५ केलं की वेग तोच असूनही साधारण २७ टक्के जास्त.

एक गोष्ट हमखास चकवते. बायोसमध्ये १.३० दिलेलं असतं, पण लोड आला की एचडब्ल्यूइन्फोत १.२२ दिसतं आणि मशीन बंद पडतं. अशा वेळी लोडलाइन कॅलिब्रेशन (लोडखाली व्होल्टेजची घसरण रोखणारं बायोसमधलं सेटिंग) मधल्या पातळीवर ठेवा. सर्वात वरची पातळी टाळा, कारण लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं.

शेवटी ओसीसीटी हा ताण-चाचणीचा प्रोग्राम तासभर चालवा. एचडब्ल्यूइन्फोत 'डब्ल्यूएचईए' (विंडोजने नोंदवलेल्या हार्डवेअरच्या) चुका शून्यच हव्यात. एक जरी दिसली तरी मल्टिप्लायर एकने खाली आणा. चित्रच आलं नाही तर वीज काढून सीमॉस (बायोसच्या सेटिंगची साठवण) क्लिअर करा, सगळं मूळपदावर येतं.

प्रश्न : एएमडीच्या रायझन ५००० मालिकेच्या प्रोसेसरलाही हीच पद्धत का?

उत्तर : नको. सगळे कोअर एका वेगाला बांधले की एकट्या कोअरचा बूस्ट हातचा जातो. पीबीओ (एएमडीची आपोआप बूस्ट वाढवण्याची सोय) सुरू करून त्यातल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरना उणे १० द्या, म्हणजे त्याच वेगाला व्होल्टेज कमी लागेल. इथली गडबड बहुधा पूर्ण लोडवर दिसतच नाही. मशीन नुसतं पडून असताना अचानक रीस्टार्ट होतं. तसं झालं तर उणे ५ वर या.