बोगनवेलीतली ‘वेल’, बुगेनव्हिल बेट आणि मॉरिशसचा निळा किनारा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरमध्ये, आपण पत्नी आणि दहा वर्षांच्या मुलीसह स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्याखालचे जग पाहण्यासाठी, मॉरिशसला जाणार आहात; बोगनवेलीला तिचे नाव एका बेटावरून मिळाले असे आपल्याला कुणीतरी सांगितले आहे, तर ते बेट मॉरिशसच का; आणि आपल्याला स्वतःला पोहता येत नाही, तर पाण्यात उतरावे की नाही. हे दोन प्रश्न एकमेकांपासून दूरचे वाटतात. मी दोन वर्षांपूर्वी त्या बेटावर आठ दिवस राहून आलो आणि तेव्हापासून मला ते एकमेकांजवळचेच वाटत आले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रथम नावाविषयी. बोगनवेलीचे नाव कोणत्याच बेटावरून पडलेले नाही. प्रशांत महासागरात, पापुआ न्यू गिनीच्या पूर्व भागात, बुगेनव्हिल नावाचे एक मोठे बेट खरोखरच आहे; २०१९ साली तिथे घेतलेल्या सार्वमतात सुमारे ९८ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला होता. परंतु ते बेट आणि ही फुलझाडी ही एकाच माणसाच्या नावाची दोन अपत्ये आहेत. तो माणूस म्हणजे लुई-आंत्वान द बुगेनव्हिल, १७६६ ते १७६९ या काळात ‘बूदेज’ आणि ‘एत्वाल’ या दोन जहाजांसह पृथ्वीप्रदक्षिणा करणारा फ्रेंच दर्यावर्दी. कालक्रम पाहिला की शंका उरत नाही. हे झाड त्याच्या मोहिमेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती १७६७ साली ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या परिसरात लागले, तर ते बेट जहाजावरून दिसले १७६८ च्या जुलैमध्ये, म्हणजे सुमारे वर्षभरानंतर. बुगेनव्हिल त्या बेटावर उतरलाही नाही; किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे निघून गेला.

मराठीत आल्यावर मात्र या नावाने वेगळाच संसार थाटला. मूळ आडनावातला ‘व्हिल’ म्हणजे फ्रेंचमध्ये गाव किंवा नगर, म्हणजे आपल्याकडच्या ‘अमुकगावकर’ या घडणीशी जुळणारे ते आडनाव. आपल्या कानाला त्यात ‘वेल’ ऐकू आली आणि ‘बोगनवेल’ हा शब्द जाईजुई, मधुमालती, कृष्णकमळ यांच्या पंगतीत असा काही बसला की तो परका आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मला हा शब्द मनापासून आवडतो. तरीही हे लक्षात ठेवावे की वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बोगनवेल ही खरी वेल नाही. तिला ताणे नसतात, तिचे खोड आधाराभोवती पीळ घालून चढत नाही. ते एक काटेरी, लांब फांद्यांचे झुडूप आहे, आणि या फांद्या काट्यांच्या बळावर शेजारच्या झाडावर किंवा भिंतीवर रेलतात. म्हणूनच छाटून ठेवली तर ती कुंडीत झुडपासारखी राहते आणि मोकळी सोडली तर गच्चीपर्यंत जाते. तिचा रंगही फुलाचा नव्हे. जांभळ्या, गुलाबी, केशरी कागदासारखे जे दिसते ते तीन छद, म्हणजे फुलाला लागून असलेली पाने असतात, आणि खरे फूल म्हणजे त्या प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटलेली, टोकाशी पांढरट चांदणी उमललेली बारीक नळी. आपल्या अंगणातली गुलबक्षी याच कुळातली आहे, हे मुलीला जरूर सांगा. गुलबक्षीची नळी आठवली की हे नाते तिला आपोआप दिसेल.

आता मॉरिशसकडे येतो. हे झाड शोधणाऱ्याचे नाव फिलिबेर कोमर्सों. त्यानेच या वनस्पतीला आपल्या नायकाचे नाव दिले. पण ते छापून प्रसिद्ध झाले १७८९ साली, फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंत्वान-लोरां द झ्युस्यू यांच्या ग्रंथात, आणि तेव्हा कोमर्सोंला जाऊन सोळा वर्षे झाली होती. त्याचा मृत्यू मॉरिशसमध्ये झाला. १७६८ च्या नोव्हेंबरमध्ये मोहीम या बेटावर पोहोचली, तेव्हा ते फ्रेंचांच्या ताब्यात होते आणि त्याला ‘इल द फ्रान्स’ म्हणत. तिथला प्रशासक प्येर प्वाव्र हा स्वतः झाडांचा मोठा शौकीन होता आणि त्याने कोमर्सोंला आपल्याजवळ ठेवून घेतले. जहाजे फ्रान्सकडे गेली. कोमर्सों मागे राहिला, मादागास्कर आणि शेजारच्या रेयुनियन बेटावरही वनस्पती गोळा करत हिंडला आणि १३ मार्च १७७३ रोजी मॉरिशसच्या पूर्वेकडील फ्लाक भागात मरण पावला. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्याला सदस्य म्हणून निवडले ते त्यानंतर काही दिवसांनी, कारण त्याच्या मृत्यूची बातमी पॅरिसला पोहोचलीच नव्हती.

त्याच्याबरोबर या बेटावर आणखी एक व्यक्ती उतरली होती, आणि माझ्या मते या साऱ्या कथेत सर्वांत जास्त आदर तिला मिळायला हवा. झान बारे ही फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या गरीब घरातली स्त्री. फ्रेंच आरमाराच्या जहाजांवर स्त्रियांना मज्जाव होता, म्हणून ती पुरुषाच्या वेषात, कोमर्सोंचा नोकर म्हणून ‘एत्वाल’वर चढली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या मॅगेलनच्या सामुद्रधुनीतल्या बर्फाळ डोंगरांवर ती शिधा, शस्त्रे आणि वनस्पतींच्या जड वह्या पाठीवर वाहून कोमर्सोंबरोबर चालत असे, हे खुद्द बुगेनव्हिलने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आहे. ताहितीच्या लोकांनी तिला पाहताक्षणी स्त्री म्हणून ओळखले, हेही तोच लिहितो, आणि तिच्या वर्तनाविषयी आदराने बोलतो. कोमर्सोंच्या पायाला दुखणे होते. त्यामुळे रिओजवळ बोगनवेलीची पहिली फांदी प्रत्यक्षात तिनेच तोडून आणली असावी, असा तर्क काही अभ्यासक करतात. तर्कच तो, पण तो करावासा वाटणे मला स्वाभाविक वाटते. कोमर्सों गेल्यावर तिने पोर्ट लुईमध्ये मद्यालय चालवले, १७७४ साली एका फ्रेंच सैनिकाशी लग्न केले आणि पुढे त्याच्याबरोबर फ्रान्सला परतली. तिथे पोहोचताच तिची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. असा प्रवास केल्याची नोंद असलेली ती पहिली स्त्री. १७८५ साली आरमार खात्याने तिला वार्षिक निवृत्तिवेतन मंजूर केले. कप्तानाच्या नावाची झाडे साऱ्या जगाच्या कुंपणांवर फुलतात, आणि बारेचे नाव एका वनस्पतीला मात्र २०१२ साली मिळाले: दक्षिण अमेरिकेतली, वांग्याबटाट्याच्या कुळातली ‘सोलॅनम बारेटी’. कोमर्सोंने मादागास्करमधल्या एका झाडाला तिचे नाव द्यायचे ठरवले होते, पण ते टिकले नाही.

तेव्हा, आपल्याला सांगितलेल्या गोष्टीत एक दूरचा खरा धागा आहे. मॉरिशसने बोगनवेलीला नाव दिले नाही, आणि ती मूळची तिथलीही नाही. तिचे माहेर दक्षिण अमेरिका. पण जिच्या हातून ती कदाचित पहिल्यांदा तोडली गेली आणि ज्याने तिचे नामकरण केले, ते दोघे याच बेटाच्या किनाऱ्याला लागले आणि जहाजे निघून गेल्यावरही तिथे मागे राहिले.

स्नॉर्केलिंगसाठी आपण ब्लू बे सागरी उद्यान निवडावे, असा माझा आग्रह आहे. ते बेटाच्या आग्नेय टोकाला, विमानतळापासून अगदी जवळ, माहेबुर गावाच्या दक्षिणेस आहे. क्षेत्र ३५३ हेक्टर, आणि २००८ पासून ते रामसर यादीतले, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे मानलेले, पाणथळ क्षेत्र आहे. त्याच्या शेजारच्या प्वांत देस्नीजवळच २०२० च्या जुलैमध्ये ‘वाकाशिओ’ हे जहाज प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातले तेल समुद्रात सांडले. तेव्हा गावकऱ्यांनी उसाचा पाला गोण्यांत आणि कापडात भरून तरंगते बांध तयार केले होते. त्या किनाऱ्यावर उभे राहिल्यावर हे आठवते आणि समोरच्या निळ्या पाण्याकडे अधिक जपून पाहिले जाते.

पोहता येत नसेल तरीही उतरावे, मात्र घाई करू नये. पहिला दिवस होडीत बसूच नका. किनाऱ्यालगत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मास्क लावा, तोंड पाण्यात घाला आणि नळीतून सावकाश श्वास घेण्याचा सराव करा. भीती बहुतेक वेळा पाण्याची नसते, श्वासाच्या आवाजाची असते, आणि तो आवाज पंधरावीस मिनिटांत ओळखीचा होतो. मिशी असेल तर मास्कची कड नीट बसत नाही आणि नाकाशी पाणी झिरपते. मला याचाच त्रास झाला. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का, हे आधी विचारून ठेवा. मुलीसाठी तिच्याच मापाचे, पाण्यात तरंगत ठेवणारे जाकीट मागा, मोठ्यांचे जाकीट आवळून दिलेले चालवून घेऊ नका. एका होडीवाल्याने आमच्या गटातल्या मुलाला तसेच जाकीट दिले होते आणि ते पाण्यात गेल्यावर त्याच्या कानांपर्यंत चढले. त्याच्या आईने त्याला लगेच वर घेतले, म्हणून पुढचे टळले.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगतो, कारण ती नवख्या माणसाकडून सहज होते. दुसऱ्या दिवशी मास्कमध्ये पाणी शिरले, मी गोंधळलो आणि खाली दिसलेल्या खडकावर पाय टेकवून उभा राहिलो. होडीतला तरुण जिवाच्या आकांताने ओरडला. तो खडक नव्हता, जिवंत प्रवाळ होते. हजारो सूक्ष्म जीवांनी मिळून केलेली ती वस्ती, वर्षानुवर्षे कूर्मगतीने वाढणारी. त्या जीवांच्या अंगात राहणारे शैवाल त्यांना अन्न आणि रंग देते, पाणी फार तापले की ते शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडते. आधीच एवढे सोसणाऱ्या गोष्टीवर मी माझे पंचाहत्तर किलो ठेवले होते. म्हणून सांगतो: गोंधळ झाला तर पाठीवर वळून तरंगा, जाकीट तुम्हाला धरून ठेवते; पाय खाली सोडू नका. त्यात आपलेही हित आहे, कारण खडकांच्या फटींत काळे काटेरी समुद्री अर्चिन असतात आणि दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासाही या पाण्यात सापडतो. अंगाला सनस्क्रीन चोपडण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. पाठ भाजत नाही आणि पाण्यात रसायनेही जात नाहीत.

एकदा श्वासाची लय बसली की मग फक्त पाहायचे आणि ऐकायचे. पोपटमासे प्रवाळाचा पृष्ठभाग चोचीसारख्या दातांनी खरवडतात, त्याचा आवाज शांत पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, अगदी शेजारी बसलेले कुणी खडीसाखर चावत असल्यासारखा. पोटात दळलेले ते प्रवाळ पुढे पांढरी वाळू होऊन बाहेर पडते. काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे छोटे मासे तर मास्कच्या काचेपर्यंत येतात. ब्लू बेमध्ये मेंदूच्या घड्यांसारखे दिसणारे एक प्रचंड प्रवाळ आहे, पाचसहा मीटर रुंदीचे. त्याचे वय हजार वर्षांच्या आसपास सांगितले जाते. होडीवाल्याला ते मुद्दाम दाखवायला सांगा. बुगेनव्हिलची जहाजे या बेटाला लागली तेव्हा ते तिथे आत्ताइतकेच शांतपणे वाढत होते. आपल्याला पाण्यात जाणे जमले नाही तर काचेच्या तळाची होडी मिळते आणि पत्नी व मुलगी पाण्यात असताना तुम्ही वरून तेच पाहू शकता.

नोव्हेंबरमध्ये पाणी उबदार होऊ लागलेले असते, आग्नेयेचे वारे मंदावतात आणि वादळांचा मुख्य काळ जानेवारीनंतरचा, त्यामुळे आपली वेळ चांगली आहे. तरीही सकाळी लवकर उतरावे; दुपारनंतर वारा सुटतो आणि पाणी गढूळ होते. दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ प्रवाळाची भिंत तुटलेली आहे आणि समुद्र थेट कड्यावर आदळतो, तिथे पाण्यात पाऊलही घालू नये. उत्तरेला त्रू ओ बिशला एक दिवस ठेवल्यास वाटेत पांपलमूसची बाग पाहता येईल. ती वाढवली ती कोमर्सोंला आसरा देणाऱ्या प्वाव्रनेच.

बोगनवेल आपल्याला सर्वत्र दिसेल, पण कोरड्या पश्चिम किनाऱ्यावर ती जितकी रंगाने भरलेली मी पाहिली, तितकी मधल्या पावसाळी पठारावर पाहिली नाही. डाळिंबाला बहारासाठी ताण देतात, तसाच ताण हिलाही मानवतो. पाणी फार मिळाले की ती नुसती पाने काढते. आपल्या घरच्या कुंडीत ती फुलत नसेल तर परतल्यावर पाणी कमी करून पाहा.

पोर्ट लुईला एक दुपार द्यावी, ही शेवटची विनंती. ज्या शहरात बारेने आपले मद्यालय चालवले, त्याच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून भारतातून कराराने आलेल्या मजुरांची जहाजे या बंदरात लागत, आणि मुंबईहून आलेल्या जहाजांत कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. घाटावरच्या दगडी पायऱ्या मी उतरून पाहिल्या तेव्हा वरच्या रस्त्यावरून वाऱ्याने उडून आलेले बोगनवेलीचे दोनतीन गुलाबी छद एका पायरीच्या खाचेत अडकले होते, आणि त्यांपैकी एकाच्या शिरेवर ते बारीक फूल अजून शाबूत होते.